उलटा आटा

आक्कांनी लावलेलं झाकण आक्कांखेरीज कुणाला उघडता येत नसे. मग ती लोणच्याची बरणी असो, तेलाचा डबा असो, नाहीतर माझी साधी पाण्याची बाटली. आष्ट्यातल्या त्यांच्या घराच्या माडीवर मी भाड्यानं राहतो आणि शाळेत गणित शिकवतो. सकाळी घाईत जिना उतरलो की आक्का बाटली भरून, बूच आवळून हातात द्यायच्या, आणि ती बाटली मी शाळेत शिपायाकडून उघडून घ्यायचो. एकदा शिपायालाही जमलं नाही. संध्याकाळी तहानलेल्या तोंडानं मी ती भरलेली बाटली तशीच त्यांच्यापुढं ठेवली. त्यांनी ती सहज उघडली, माझ्या मनगटाकडं पाहिलं आणि विचारलं, "मास्तर, खडू तरी पेलतो का?"

ढिलं काही त्यांना खपत नसे. गळका नळ, कुरकुरणारी बिजागरी, शर्टाचं लोंबतं बटण, सगळ्यांशी त्यांचं वैर होतं. त्यांचे यजमान सैन्यात गाड्यांच्या दुरुस्तीला होते. निवृत्त होऊन उसाची शेती बघत होते, पण गल्लीत त्यांना अजून फौजीच म्हणत. फौजी बोलायचे फार कमी. घरात बोलायचं काम आक्कांकडं होतं. मात्र आक्का पाना हातात घेऊन काही आवळायला बसल्या की फौजी हटकून म्हणत, "लय आवळू नगं, आटा मोडंल." आक्का म्हणत, "आणि ढिला ऱ्हायला तर सुटंल." दोघांचा संसार मी जेवढा ऐकला, तो एवढ्या दोन वाक्यांत चालायचा, आणि बरा चालायचा.

एका सकाळी फौजी उसाला पाणी पाजून आले, ओट्यावर बसले, आणि त्यांच्या हातातली चहाची बशी खाली पडली. आक्का बशीवरून बोलायला लागल्या आणि मधेच थांबल्या. फौजींचं तोंड एका बाजूला गेलं होतं. आमच्याकडं याला अंगावरून वारं गेलं म्हणतात. मिरजेच्या दवाखान्यातून ते परत आले तेव्हा डावा हात आणि डावा पाय त्यांचे राहिले नव्हते, आणि आधीच कमी चालणारी जीभ जड झाली होती.

सोडताना डॉक्टरांनी आक्कांना सांगितलं होतं की पहिले काही महिने महत्त्वाचे; पाय हलवत राहा, जे यायचं ते त्यातच येईल. हे त्यांनी धीर द्यायला सांगितलं असावं. आक्कांनी मात्र त्यातली मुदत तेवढी उचलली. त्या दिवसापासून त्या घरात एक घड्याळ टिकटिकायला लागलं, जे आमच्यापैकी कुणालाच दिसत नव्हतं. "मास्तर, पहिले म्हंजे किती?" त्यांनी मला विचारलं. मी गणिताचा मास्तर, म्हणून मला ठाऊक असणार असं त्यांना वाटलं. मी उगाच काहीतरी बोललो. त्यांनी ते ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच विचारलं.

मग जो जे सांगेल ते सुरू झालं. निरगुडीच्या पाल्याचा शेक झाला, तेलं झाली, अंगारे झाले. कुणीतरी कबुतराचं रक्त चोळायला सांगितलं. गळ्यात माळ घातलेली ही बाई, अंड्याचं टरफल दारात पडलं तर चूळ भरणारी. ती मला जिन्यात गाठून हलक्या आवाजात विचारत होती की सांगलीच्या बाजारात कबुतर मिळतं का. आत खाटेवर फौजींनी ते ऐकलं आणि उजवा हात नाही, नाही असा हलवला. मला तिथं उभं राहवेना.

सायकल आली ती अशा दिवसांत. घरी व्यायाम शिकवायला येणाऱ्या मुलीनं सुचवलं होतं, आणि फौजींचा मुलगाही सैन्यातच, लांब नेमणुकीवर, त्यानं तिकडून मागवली होती. एका जागी उभी राहणारी, पाठीला टेकू असलेली सायकल. खोकं उघडलं तेव्हा आत सायकल नव्हतीच. नळ्या, बोल्ट, वायसर आणि एक चित्रांचा कागद होता. मी कागद वाचत होतो आणि आक्का आवळत होत्या. आक्का जन्मात कधी सायकलवर बसलेल्या नव्हत्या, पण बैठक, दांडा, उजवं पायडल असं सगळं त्यांनी भराभर बसवलं. डावं पायडल काही जाईना. त्यांनी पान्यावर जोर दिला.

खाटेवरून फौजी काहीतरी ओरडत होते. ते "उलटा, उलटा" म्हणत होते. त्या जड जिभेतून आक्कांना ऐकू आलं ते 'उलटी'. पाना टाकून त्या न्हाणीकडं धावल्या, घमेलं आणून फौजींच्या हनुवटीखाली धरलं आणि त्यांची पाठ चोळू लागल्या. फौजी मान झटकून पुन्हा तेच सांगत, आणि त्या घमेलं आणखी जवळ नेत. उलटी काही होत नाही असं बघून त्या परत आल्या आणि पान्यावर अंगाचा सगळा भार टाकला. आतून कर्रकन आवाज झाला. फौजींनी डोळे मिटून घेतले.

मग त्यांनी पायडल काढून मांडीवर मागितलं आणि चांगल्या हाताचं बोट फिरवून दाखवलं. डाव्या पायडलाचा आटा, म्हणजे त्याच्या दांडीवरचा पीळ, उलटा असतो. सगळं जग उजवीकडं फिरवून आवळतं, हे डावीकडं. का, तर डावा पाय रेटा देतो तेव्हा पायडल सुटत जाऊ नये, उलट आपसूक आवळत जावं म्हणून. एवढं सांगायला त्यांना कपभर चहा गार होईपर्यंत वेळ लागला. आक्कांनी ते पायडल मग उलटं फिरवून बसवलं. आटे थोडे खाल्ले गेले होते, तरी ते बसलं.

ऐकलेलं वाया घालवणाऱ्या आक्का नव्हत्या. त्यांनी फौजींना एकच विचारलं, "म्हंजे पायानं रेटलं तर त्ये सुटायचं न्हाई?" फौजींनी मान हलवली. मी ती मान बघितली, आणि ती हलवायला नको होती असं मला आजही वाटतं.

कारण त्यानंतर त्या घराचा सगळा जीव त्या पायडलात गेला. रोज संध्याकाळी मी आणि आक्का फौजींना खाटेवरून शेजारीच उभ्या केलेल्या सायकलवर सरकवायचो. आक्का डावा पाय जुन्या लुगड्याच्या पट्टीनं पायडलाला बांधायच्या. फौजी उजव्या पायानं चाक फिरवायचे, आणि डावा त्याच्यामागं फरफटत फिरायचा. आक्का त्या पायाला जावईबापू म्हणायच्या. "बघा, जावईबापू कसं आयतं फिरत्यात." फौजी एका बाजूनं हसायचे. पुढं एक छोटा मीटर होता, त्यावर आकडे पळायचे. मी कौतुकानं ते वाचून दाखवले तर आक्कांनी त्यावर फडकं टाकलं. म्हणाल्या, मीटर उजव्या पायाचं बोलतं. खरं काय ते पायडल सांगंल.

आणि पायडल रोज सांगायचं. थोडं फिरलं की त्यातून कटकट यायची, म्हणजे ते सैल झालेलं असायचं, म्हणजे डाव्या पायाचा रेटा नाही. भाकरी थापता थापता आक्कांचा हात थांबायचा. त्या उठून यायच्या, दांड्याला सुतळीनं बांधलेला पाना घ्यायच्या आणि ते पुन्हा आवळायच्या. त्या सायकल पुसायच्या, तेल द्यायच्या, बोल्ट तपासायच्या. खंडेनवमीला तर फौजींच्या जुन्या पान्यांबरोबर तिलाही झेंडूची माळ घातली. दिवस जात होते. व्यायाम शिकवणारी मुलगी हळूहळू पायाबद्दल कमी आणि पाठीला जखम होऊ न देण्याबद्दल जास्त बोलायला लागली होती. आक्कांना ते कळत होतं. त्या वाळल्या. पहाटे मी उठायचो तेव्हा खाली त्या जाग्याच असायच्या, पायाशी बसून अंगठा हलतो का बघत.

एका संध्याकाळी कटकट नेहमीपेक्षा लवकर सुरू झाली. आक्का आल्या, पट्टी सोडली आणि त्या पायावर चापट मारली. मग दुसरी मारली. "हल की रं, हल की," म्हणत त्या मारतच राहिल्या. पाय हलत होता तो त्यांच्या मारानं. फौजींनी उजवा हात त्यांच्या डोक्यावर ठेवला. आक्का त्या मेल्या पायाला कपाळ टेकून रडल्या. मी भिंतीकडं बघत उभा होतो. इतकं असहाय मला माझ्या घरच्या मयतीतही वाटलं नव्हतं.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी कटकट थांबली.

पहिल्या दिवशी आवाज आला नाही. दुसऱ्या दिवशीही आवाज नाही. चार-पाच दिवसांनी आक्का जिना चढून माझ्या खोलीत आल्या, हे त्यांनी कधी केलं नव्हतं. रेटा लागतोय, म्हणाल्या. बाहेरून दिसत नाही, पण आतून लागतोय. मी रविवारी सातारला घरी जाणार होतो. येताना कंदी पेढे आणा, त्यांनी सांगितलं, गल्लीला वाटायचेत. मी आणले. आक्का नवं लुगडं नेसून घरोघर गेल्या. परत येऊन त्यांनी एक पेढा फौजींना भरवला, आणि दुसरा सायकलच्या दांड्यावर ठेवला.

पुढच्याच आठवड्यात शाळा लवकर सुटली. आक्का डेअरीला दूध घालायला गेल्या होत्या. दार लोटलेलं होतं. आत फौजी खाटेच्या कडेला बसले होते, पडू नये म्हणून खाटेच्या लोखंडी गजाला खांदा दाबून, आणि पुढं वाकून चांगल्या हातानं पाना फिरवत होते. डावीकडं. कपाळावरून घाम नाकाच्या शेंड्यावर आला होता. शेवटचा हिसका देऊन त्यांनी मान वर केली, तर समोर मी.

"तिला सांगू नगा, मास्तर," ते म्हणाले. एकेक शब्द ओढून काढत म्हणाले, "ती आता निजती."

मी सांगितलं नाही. पाना त्यांच्या हातून घेऊन जागेवर टांगला आणि वर गेलो. संध्याकाळी पायडल गप्प होतं, आक्का भाकरी थापत होत्या, आणि फौजी उजव्या पायानं चाक फिरवत होते.

थंडी सरताना त्यांच्यावरून पुन्हा वारं गेलं. या खेपेला मिरजेहून ते परत आले नाहीत. कार्य उरकलं, मुलगा परत नोकरीवर गेला, आणि सायकल खाटेशेजारी तशीच उभी राहिली. पुढं शेजारच्या गावातली एक बाई विचारत आली. तिच्या नवऱ्याचीही डावीच बाजू गेलेली होती. आक्का न्या म्हणाल्या.

बाईनं टेंपो आणला, पण जोडलेली सायकल दारातून निघेना. पायडलं काढावी लागणार होती. उजवं मी काढलं. डाव्याला पाना लावला, उलट्या आट्याचा हिशोब मनात पक्का करून जोर दिला, तर ते जागचं हलेना. तेल सोडलं, हातोडीनं ठोकलं, टेंपोवाल्यानंही बघितलं. मला वाटलं, हे काम आक्कांचं आहे. मी पाना त्यांच्या हातात दिला.

त्यांनी तो लावलाच नाही. नुसता त्या पायडलावरून हात फिरवला.

"माज्यानं सुटायचं न्हाई त्ये," त्या म्हणाल्या. "मी कवाच बघितलंय."

मी काही विचारायच्या आत त्यांनीच सांगितलं. मी सातारहून पेढे आणले, त्याच्या आदल्याच दिवशी त्या तेल द्यायला म्हणून पायडल सोडवायला गेल्या होत्या. "मी आवळल्यालं मला सुटत न्हाई, आसं कवा झालंय व्हय? हात दुसरा हुता. वळखला मी." आटा मोडेल म्हणून जन्मभर बजावणारा माणूस असा आवळून बसला होता.

मग पेढे का वाटले, असं माझ्या तोंडून निघून गेलं.

"त्यास्नी वाटत हुतं मी निजते," आक्का म्हणाल्या. "मग मी डोळं मिटून पडाय लागले."

दारात ती बाई उभी होती. तिला यातलं काही कळलं नसावं, पण ती पदर तोंडाशी धरून उभी राहिली. शेवटी सायकल आडवी करून, दाराचं एक फळकूट काढून आम्ही ती डाव्या पायडलासकट बाहेर नेली. टेंपो सुरू झाल्यावर आक्का पुढं झाल्या आणि त्या बाईला म्हणाल्या, "डाव्या पायडलाला पाना लावू नगा. त्ये वाजायचं न्हाई."

मी अजून त्याच माडीवर राहतो. आक्का अजून सकाळी बाटली भरून देतात. परवा वर्गात तहान लागली म्हणून मी ती काढली आणि सवयीनं शिपायाला हाक मारणार होतो. बूच हात लागताच फिरलं. खाली बघितलं तर पिशवीचा तळ ओला झाला होता.