मिशीतून येणारी शिट्टी

घराला लागूनच माझी पिठाची गिरणी आहे, त्यामुळे आवाजाचं मला काही वाटत नाही. पट्टा सैल झाला की एक आवाज येतो, दगड घासले की दुसरा. कान देऊन ऐकलं की कळतं. नवऱ्याचं घोरणंही मी बरीच वर्षं त्याच हिशेबात धरलं होतं. पण अलीकडे घोरता घोरता तो मध्येच गप्प व्हायचा. श्वासच बंद. मग पाण्यात बुडालेला माणूस वर यावा तसा हबकून श्वास घ्यायचा आणि पुन्हा सुरू. असं रात्रभर. दिवसा कुठेही टेकला की पेंगायचा.

गेल्या हंगामात भर दुपारी ट्रॅक्टर चालवताना त्याचा डोळा लागला. ट्रॅक्टर रस्ता सोडून शेजाऱ्याच्या उभ्या उसात शिरला. ऊस दाट होता म्हणून थांबला. रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला पाट होता, काठोकाठ भरलेला. शेजारी धावत आला, माणूस धड आहे हे पाहिलं आणि मग म्हणाला, “दादा, टोळी यायच्या आधीच तोडणी सुरू केली व्हय?”

घरी सासऱ्यांना आम्ही ब्रेक लागला नाही असं सांगितलं. दुसऱ्या दिवशी मी नवऱ्याला नगरला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी झोपेची तपासणी करून सांगितलं की झोपेत याचा श्वास अडतो, रोज मशीन लावून झोपायचं आणि ते अंगवळणी पडेपर्यंत गाडी चालवायची नाही. घरी येताच ट्रॅक्टरची आणि मोटारसायकलची किल्ली मी कमरेला खोचली.

मशीन छोटंच. त्याला एक नळी, नळीला मास्क, आणि मास्क नाकातोंडावर पट्ट्यांनी बांधायचा. त्यातून हवेचा दाब येतो आणि घसा उघडा राहतो. मोटरचा आवाज नुसता घुमल्यासारखा, अगदी कमी. पण नवरा झोपला की शिट्टी सुरू व्हायची. लांबलचक, बारीक, कधी चढी तर कधी उतरती. पहिल्याच रात्री भिंतीपलीकडून आबांचा, म्हणजे सासऱ्यांचा, आवाज आला. “सूनबाई, कुकर बंद करा, भात करपंल.”

सकाळी पाहावं तर मास्क उशीखाली. नवरा चहाचा कप हातात धरून पेंगत बसलेला.

“माझ्यापायी सगळ्यांची झोप कशाला मोडायची?” तो म्हणाला.

“सगळ्यांची झोप मोडली तरी चालेल. तुमची मान मोडायला नको.”

“किल्ली तरी दे.”

“मास्क रात्रभर तोंडावर राहू दे, मग देते.”

गिरणीवाल्या बाईला शिट्टी म्हटलं की कळतं, हवा कुठून तरी निसटतेय. रविवारी दिवसाच त्याला मास्क लावून खाटेवर आडवा केला, बोट ओलं करून मास्कच्या कडेनं फिरवलं. गालाला काही नाही, हनुवटीला काही नाही. नाकाखाली आलं आणि बोट गार पडलं. तिथे नवऱ्याची मिशी. साधी नाही, दोन्ही टोकं पिळलेली, मास्कची कड उचलून धरणारी. पट्ट्या आवळल्या तर गालावर वळ उठले आणि शिट्टी आणखी चढली. नाकपुड्यांत बसणारा दुसरा मास्क आणला, तर हा तोंड उघडं टाकून झोपतो, सगळी हवा तिकडून बाहेर. शेवटी नवऱ्यानं मशीन घेतलं त्या दुकानातल्या मुलीला फोन लावला.

“काका, मिशी आहे का?” तिनं विचारलं.

नवऱ्यानं फोन माझ्यापुढे धरला. मी फोन घेतला. “आहे, मोठी आहे. आणि काढता येणार नाही, वडील आहेत.”

“अच्छा,” ती म्हणाली. इकडचीच असावी, पुढे काही विचारलं नाही. आमच्याकडे बाप हयात असताना मुलगा मिशी काढत नाही. सपाट ओठ दिसला की लोक समजतात, म्हातारा गेला.

“आबांना विचारा,” मी नवऱ्याला म्हटलं.

“कुठल्या तोंडानं विचारू?”

“आहे त्याच. मिशीसकट.”

तो काही विचारणार नाही हे मला माहीत होतं. संध्याकाळी आबा ओट्यावर सुपारी कातरत बसले होते. मी समोर जाऊन बसले आणि सरळ सांगितलं, मशीनसाठी यांची मिशी काढावी लागेल.

अडकित्ता थांबला. “मी मेलो व्हय?”

“नाही.”

“मंग?”

मग मी खरं काय ते सांगितलं. ब्रेक चांगला होता, डोळा लागला होता, आणि चाक डावीकडे वळण्याऐवजी उजवीकडे वळलं असतं तर पाट होता. आबांनी अडकित्ता खाली ठेवला.

“श्वास थांबतो म्हंजी किती येळ?”

“नाक धरा, तोंड मिटा. मी सोडा म्हणेपर्यंत सोडू नका.”

त्यांनी धरलं. मी म्हणायच्या आधीच सोडलं, आणि खोकत विचारलं, “येवढा?”

“याहून जास्त. रात्रभर, परत परत.”

सुपारी तशीच ताटलीत ठेवून ते आत गेले.

सकाळी धुतलेली टोपी घालून, काठी घेऊन दारात उभे. “चल रं,” नवऱ्याला म्हणाले. मीही गिरणी बंद ठेवून मागोमाग गेले. हे चुकवायचं नव्हतं.

आबा सलूनच्या पायरीवर चपला काढत होते, तोवर नवरा आत खुर्चीत बसून मिशीकडे बोट दाखवून मोकळा झाला होता. न्हाव्यानं वस्तरा खाली ठेवला आणि हळूच विचारलं, “आबा कवा गेलं? काय कळवलं न्हाई.”

“हितं हाय की मी,” आबा दारातून म्हणाले. “काढ बिगीबिगी.”

मग शेजारच्या खुर्चीत बसून त्यांनी स्वतःची मिशी कोरून घेतली. परतताना घरचा जवळचा रस्ता सोडून आम्हाला बाजारातून नेलं, आणि प्रत्येक ओळखीच्या दुकानापुढं थांबून सांगितलं, “ह्यो माझा ल्योक. मशीनसाठी काढलीया. मी हाय अजून.” तरीही दुपारी तिसगावच्या पाहुण्यांचा फोन आलाच, रडवेल्या आवाजात, अंत्यविधी कधी म्हणून. आबांनी फोन घेतला. “मीच बोलतोय. या, च्या प्यायला या.”

त्या दिवसापासून शिट्टी बंद. दुसऱ्या सकाळी आबांनी मला विचारलं, “रातच्याला मशीन लावलं न्हवतं का?”

“लावलं होतं.”

“बरं,” ते म्हणाले आणि आपला सपाट ओठांचा मुलगा चहा पिताना बघत राहिले. मुलगा पेंगत नव्हता.

नंतरही काही दिवस मी किल्ल्या कमरेलाच ठेवल्या. डॉक्टरांनी हो म्हटल्यावर दिल्या. ट्रॅक्टर सुरू झाला तसे आबा काठी टेकत आले आणि काही न बोलता मडगार्डवर चढून बसले, पाटाच्या बाजूच्या. मी गिरणीचा पट्टा चढवला. गिऱ्हाइकं खोळंबली होती.