सेमाडोहच्या वाटेवरची एक नोंद

मी एकदा साध्या पिंगळ्याला रानपिंगळा म्हटलं आणि पुढची वीस वर्षं ते निस्तरलं नाही. पाखरांशी ज्यांचा संबंध नाही, त्यांना यात काय मोठं असं वाटेल. पिंगळा म्हणजे ते मुठीएवढं घुबड, गावातल्या कोणत्याही जुन्या झाडाच्या ढोलीत सापडतं. रानपिंगळा दिसायला त्याचा सख्खा भाऊ, पण फार दुर्मीळ. कित्येक वर्षं तो संपलाच असं सगळे धरून चालले होते, मग सापडला, आणि आमच्या मेळघाटातही आहे असं कळलं. साध्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके असतात, रानातल्याच्या डोक्यावर जवळजवळ नसतात. एवढं एक लक्षात ठेवायचं होतं. पन्नाशीला आलेली, बी.ए. झालेली मी, मला तेवढंही जमलं नाही.

माझी मैत्रीण विमल गेली त्याला आता सहा आठवडे झाले. फोन आला तेव्हा मी मेथी निवडत होते. ऐकलं, फोन ठेवला आणि उरलेली अर्धी जुडी निवडून संपवली. मग ती धुतली, चिरली, भाजीही केली. सून म्हणाली, "आई, बसा जराशा." मी बसले. काही वाटेना. अजूनही नीटसं वाटत नाही, म्हणून निदान लिहून पाहते आहे.

आमची मैत्री कॉलेजच्या वसतिगृहातली. पुढे ती अमरावतीला शाळेत जीवशास्त्र शिकवायला लागली, मी लग्न करून अकोल्यात आले आणि वकिलीणबाई झाले. मुलं मोठी झाल्यावर तिनं जुनी मारुती घेतली, गाडी शिकली, आणि एका दिवाळीत मला म्हणाली, "शके, घरात बसून लोणच्यावानी मुरून राहिली तू. चाल, पाखरं दाखवतो." तेव्हापासून दर हिवाळ्यात आदल्या दिवशी मी बसनं अमरावती गाठायची आणि सकाळी आम्ही परतवाड्याच्या रस्त्याला लागायचो. पहिल्या खेपेला मी जंगलात शेंदरी साडी नेसून, गॉगल लावून गेले होते. दुर्बीण उलटी धरली आणि मोर केवढा लहान दिसतो म्हणून हळहळले. विमल स्टिअरिंगवर डोकं टेकून हसली होती.

तिची एक वही होती. निळ्या शाईत पक्ष्याचं नाव, जागा, झाड, तो काय करत होता, सगळं त्यात जायचं. आणि एक नियम होता : दोघींनी पाहिल्याशिवाय लिहायचं नाही. एकटीला दिसलं तर ते दिसलंच नाही. या नियमापायी तिनं स्वतःचे किती पक्षी सोडून दिले! मी पिशवीतून धपाटे काढेपर्यंत स्वर्गीय नर्तक शेपटी मिरवत निघून जायचा. मी म्हणायची, "लिही ना वं, तुले तं दिसला." ती म्हणायची, "मले दिसला, आपल्याले नाही दिसला." मला मात्र कधीच काही आधी दिसायचं नाही. ती बोट दाखवणार, मी शोधणार, आणि मला सापडेपर्यंत नुसती फांदी हलत राहिलेली असणार. हे मनाला लागत होतं. लागायचं कारण काही नव्हतं, पण त्या वयात मला सगळंच लागायचं, शेजारणीचा नवा मिक्सरसुद्धा.

तर, अशाच एका हिवाळ्यात, मेळघाटात सेमाडोहच्या अलीकडे रस्त्यातल्या एका मोरीपाशी गाडी पंक्चर झाली. विमल खाली वाकून स्टेपनी लावत होती, मी मदत म्हणून उभी होते. समोरच्या सागावर, भर सकाळच्या उन्हात, एक पिंगळा बसलेला दिसला. माझ्याकडे बघून त्यानं मान खालीवर केली. मी ओरडले, "विमल, रानपिंगळा!" ती जॅक सोडून धावली, हात ग्रीसनं काळे... तोवर तो उडाला होता.

तिनं मला विचारलं, "नक्की?"

मी म्हटलं, "नक्की."

तिनं हात साडीलाच पुसले, गाडीतून वही काढली आणि नियम मोडला. पुढे कंसात माझं नाव लिहिलं. त्या वहीतली, मला वाटतं, एका माणसाच्या भरवशावरची ती एकच नोंद.

पुढच्याच उन्हाळ्यात अकोल्याच्या आमच्या अंगणात कपडे वाळत घालताना कडुनिंबावरून कोणीतरी माझ्याकडे बघून मान खालीवर केली. तीच मान, तेच बटबटीत डोळे, आणि डोक्यावर स्वच्छ पांढरे ठिपके. तेव्हा मला आठवलं की सागावरच्यालाही ठिपके होते. मी ते पाहिले होते. हातातला परकर तसाच धरून मी उभी राहिले. त्या रात्री फोन करायला हवा होता. दुसऱ्या दिवशीही चाललं असतं. मग हिवाळा आला आणि विमल मला पहिल्यांदा कुठे घेऊन गेली असेल तर त्या मोरीपाशी. त्यानंतर दरवर्षी. अर्धा तास थांबायचं, सागाकडे बघायचं, मग पुढे जायचं. तिला तिथे तो कधी दिसला नाही. दिसणार कसा?

या हिवाळ्यात तिची किडनी पार गेली होती. आठवड्यातून दोनदा डायलिसिस. मधल्या एका दिवशी तिनं मुलीला, मनीषाला, हट्टानं गाडी काढायला लावली. मनीषा पुढे, आम्ही दोघी मागे, त्याच मोरीपाशी. दुर्बीण तिच्यानं धरवेना, ती मी धरली आणि तिनं डोळे लावले. मग म्हणाली, "शके, नेमका कोणत्या फांदीवर होता वं?"

सांगायची वेळ होती ती. मनीषा खाली उतरून फोनवर बोलत होती, आम्ही दोघीच होतो. मी काच खाली केली आणि एका फांदीकडे बोट दाखवलं. वीस वर्षांत ते झाड वाढलं होतं, ती फांदी तेव्हा असेलच असंही नाही.

विमल तिकडे बघत राहिली. म्हणाली, "लय नशीबवान तू."

गेल्या आठवड्यात मी अमरावतीला गेले. एरवी तिच्या घरी शिरताना मी दारातूनच ओरडायची, या वेळी बेल वाजवली. मनीषानं चहा ठेवला. मी तो येईपर्यंतही थांबले नाही, ओट्यापाशी उभी राहूनच सगळं सांगितलं : ठिपके, कडुनिंब, फांदी. म्हटलं, तुझ्या आईनं आयुष्यात एक खोटी ओळ लिहिली नाही, तेवढी एक आहे, ती माझी आहे, ती खोडून टाक. मनीषा गॅस बारीक करून आत गेली. वही घेऊन आली, पानं उलटत ती नोंद काढली आणि वही ओट्यावर माझ्यासमोर ठेवली. ती रागावली होती का, मला कळलं नाही. तिच्या आईचा चेहराही मला कधी वाचता आला नव्हता.

ती म्हणाली, "आईचं अक्षर आहे ते मावशी, मी नाही खोडत. तुमाले खोडाचं असंन तं तुमी खोडा. पेन देऊ?"