सायरागुल आपांची खाट

किर्गिझस्तानात बातकेनच्या डोंगरातल्या आमच्या गावची कोळशाची खाण बंद पडली, तशी तरुण माणसं कामासाठी रशियाला गेली. सुईण सायरागुल आपांकडे वर्षभर एकही बाळंतीण आली नाही. "मॉस्कोला ये," लेक सारखी म्हणायची.

"तिथं मला कोण ओळखतंय?" म्हणत आपा राहिल्या. गावच्या रिकाम्या प्रसूतिगृहाच्या गच्चीवर त्यांनी जर्दाळू वाळवायला घेतले. मग शेजारणीही कामाला आल्या, ओश शहराच्या बाजारात माल खपू लागला आणि गेलेली जोडपी हळूहळू परतली.

परवा त्या परतलेल्यांपैकीच झामिरा कळा सोसत आली, तर बाळंतिणीच्या खाटेवर जर्दाळूंचा ढीग.

"आपा, मी कुठं निजू?"

"इथंच गं. जर्दाळूंना काय घाई आहे?" म्हणत आपांनी खाट मोकळी केली.

मुलगी झाली. आपांनी अख्ख्या गल्लीला चहाला बोलावलं.