खालचा डावा ठिपका

आधीच सांगतो, भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. घाटनांदूरच्या बाजारात बावीस वर्षं चष्म्याचं दुकान चालवतोय... नसलेलं दिसायला लागलं की नंबर बदलायचा, एवढंच आमचं शास्त्र. आता मी स्वतःचा चष्मा कपाळावर ठेवून घरभर शोधतो, ती गोष्ट वेगळी. तेव्हा पुढचं वाचून हसायला हरकत नाही. घरचे हसून झालेत.

गेल्या दिवाळीनंतरचा गुरुवार, दुपारचे साडेतीन. भाची ऋतुजा दुकानात स्टुलावर बसली होती. ती पुण्यात खगोलशास्त्रात पीएच.डी. करते. तीन वर्षं घालवून आता सोडायचं ठरवून आली होती. बीडच्या एका कोचिंग क्लासनं फिजिक्स शिकवायला बोलावलं होतं आणि सोमवारी होकार कळवायचा होता.

"कावून सोडतीस गं?"

तिनं पिशवीतून एक प्रिंट काढली. काळ्यावर चार पांढरे ठिपके.

"मामा, हे दिसतात चार, पण आहे एकच. क्वेसार, म्हणजे लई लांबच्या आकाशगंगेचा झगझगीत गाभा. मध्ये एक आकाशगंगा आहे, तिच्या वजनानं प्रकाश वाकतो आणि एकाचे चार दिसतात."

"म्हंजी आकाशगंगा हेच भिंग."

"हो. आणि तिच्यातला एखादा तारा नेमका एका ठिपक्याच्या वाटेत आला, की तेवढाच ठिपका उजळतो. क्ष-किरणांत तर जास्तच, कारण ते क्वेसारच्या अगदी छोट्या जागेतून येतात."

"भिंगातला बुडबुडा!"

दोन दिवसांत पहिल्यांदा हसली. "तसंच समजा. पण तीन वर्षं चारही सोबतच कमीजास्त होतात. माझा सगळा प्रबंध एकट्यानं उजळणाऱ्या ठिपक्यावर, आणि एकटा कुणी उजळतच नाही. या आठवड्यात अवकाशातली दुर्बीण शेवटचं बघणार... काय येणार, मला माहितीय."

हातात नुकतंच घासलेलं भिंग होतं, दुसऱ्या हातात पेन. भिंग फ्रेममध्ये बसवण्याआधी त्याच्या मध्यावर शाईची खूण करतात, ती करायची होती. उगीच त्या भिंगातून प्रिंट बघितली.

खालचा डावा ठिपका पेटला होता.

पांढरा नव्हे – पेटलेला. समोरून कुणी टॉर्च मारावा तसा. मी कागद फिरवला, तर उजेडही ठिपक्याबरोबर फिरला. भिंग बदललं. ट्यूबलाइट बंद केली. माझा चष्मा काढला. तरी तेच! आणि बावीस वर्षांची सवय... हात आपोआप गेला आणि मी त्या ठिपक्यावर शाईची खूण करून बसलो.

"मामा! एवढी एकच चांगली प्रिंट होती!"

"अगं, पेटलाय तो!"

तिनं भिंग हिसकावून बघितलं. काही नाही. तेवढ्यात आमची मंडळी चहा घेऊन आली. "लोकाचे डोळे तपासत्यात. ह्यांचे कुणी तपासायचे?"

मी पुन्हा बघितलं. विझला होता. साधी छपाई.

"सोमवारी नको कळवू. दुर्बिणीचं येऊ दे."

"मामा, कागद हाय तो. शाई हाय."

"मला बी कळतंय. तरी थांब."

थांबली. क्लासकडून पंधरा दिवस मागून घेतले. माझ्यावर विश्वास होता म्हणून नव्हे. म्हणे, माझं तोंड बघवत नव्हतं.

बाराव्या दिवशी फोन आला.

"मामा... खालचा डावा. एकटाच. बाकीचे तीन होते तसेच."

"कधी बघितलं दुर्बिणीनं?"

"त्याच गुरुवारी. आपल्याकडं दुपार होती."

मग ऋतुजा शास्त्रज्ञासारखं म्हणाली, "चारातला एक, मामा. योगायोग." असेल. पण ठिपका बरोबर निघाला एवढंच कोडं नाही हो... छापलेली शाई उजळली कशी? अंबाजोगाईला डोळे दाखवून आलो. डॉक्टर म्हणाले, वयाशिवाय काही नाही. दुकानातल्या झाडून सगळ्या भिंगांतून ती प्रिंट बघून झाली. ढिम्म. मला उत्तर सापडलेलं नाही, तुम्हाला सापडलं तर कळवा. ऋतुजाला मात्र त्याची फिकीर नाही.

"क्लासला काय सांगितलंस?" मी त्याच फोनवर विचारलं.

"नको म्हणून सांगितलं. तो तारा वाटेतनं सरकायला अजून कितीतरी महिने लागतील. मला कुठं वेळ हाय, मामा?"