डाव्या स्पीकरची घरघर

ताईचा फोन आला तेव्हा मी आधी विचारलं, "मोठा होता का?" त्या दिवसांत तिचा फोन म्हणजे भूकंपाचा धक्का, हे ठरलेलंच होतं. डहाणूत माझ्या दुकानात टांगलेले पंखे नुसते हलायचे, पण तिच्याकडे, गंजाडच्या पुढे आत, मांडणीवरची भांडी खाली यायची. ती म्हणाली, "धक्का नाही रे विनू... हे गेले." भर दुपारी, अंगणात खुर्चीवर बसल्या बसल्या. दुकानात माझ्यासमोर एक गिऱ्हाईक मिक्सरचं भांडं घेऊन उभं होतं आणि मी त्याला, का कोण जाणे, "उद्या या, उद्या या" म्हणत राहिलो. या गोष्टीला आता काही आठवडे झाले. आज कुठे लिहायला बसलो.

माझे भावोजी तलासरी तालुक्यातल्या शाळांमध्ये शिक्षक होते. मूळचे वसईकडचे, पण नोकरीसाठी आले आणि इकडचेच झाले. पाड्यावरची माणसं त्यांना गुरजी म्हणायची. गाणं ते शिकले नव्हते, कधी गुणगुणलेही नाहीत. ते फक्त ऐकायचे, आणि ऐकायचे तेही तिरपागडं. आपण गायकाच्या तानेला मान हलवावी, तर यांचं लक्ष मागच्या तंबोऱ्याकडे. त्यातही खर्जाच्या तारेकडे, म्हणजे त्या सगळ्यात जाड, सगळ्यात खालच्या सुराकडे. मी चिडवायचो, "भावोजी, लग्नाला जाऊन मांडव बघत बसणारे तुम्ही." ते शांतपणे म्हणायचे, "मांडव कोसळला तर लग्न कुठे लावशील?" त्यांच्याशी वाद घालून मी कधी जिंकलो नाही. पुढच्या जन्मीही जिंकेन असं वाटत नाही.

निवृत्त झाल्यावर, २०१५च्या सुमारास, त्यांनी आयुष्यातला एकुलता एक हट्ट केला. घरात चांगले स्पीकर हवेत. माझं विजेच्या सामानाचं दुकान, म्हणून बरोबर मी. पहिल्यांदा गुजरातेत, वापीला गेलो. दुकानदाराने आम्हाला बसवलं, थंड पाजलं आणि "काका, बेस तो जुओ!" म्हणत खालच्या आवाजाचं असं काही धडामधुडूम लावलं की माझ्या छातीतली बरगडी हलली. भावोजींनी पिशवीतून स्वतःची सीडी काढून दिली. तिच्यात सुरुवातीला बराच वेळ नुसता तंबोरा होता. ते डोळे मिटून बसले. दुकानदार एकदा सीडीकडे बघे, एकदा यांच्याकडे. शेवटी न राहवून त्याने विचारलं, "काका, गीत क्यारे चालू थशे?" म्हणजे गाणं कधी सुरू होणार. भावोजी डोळे न उघडता म्हणाले, "चालूच आहे."

मग मुंबईच्या फेऱ्या झाल्या. काचेच्या खोल्या, मऊ सोफे, टाय लावलेली मुलं. छोट्या स्पीकरमध्ये आवाज गोड यायचा, पण खर्जाची तार गायब. मोठ्यात ती यायची, पण भोपळ्यात भुंगा अडकल्यासारखी. "हा घुमतो रे," ते म्हणायचे. "मला घुमलेला नको, उभा राहिलेला हवा." मी वैतागलो होतो. सीडी ऐकून ऐकून मला त्यातली खोकल्याची जागासुद्धा पाठ झाली होती. आणि एका दुकानात, जमिनीवर उभे राहणारे कमरेएवढे लाकडी खोके लावले, तेव्हा तंबोरा सुरू झाल्या झाल्या भावोजींचा हात माझ्या मनगटावर आला आणि घट्ट बसला. मी टेम्पो बोलावला.

घरी आल्यावर भिंतीपासून किती लांब, एकमेकांकडे किती वळलेले, यात कित्येक दिवस गेले. मागच्या भिंतीवर गोधडी लागली. ताई म्हणाली, "सवत आणली ती आणली, तीही जुळी!" पण ज्या संध्याकाळी ते मनासारखे लागले, तेव्हा ती कणकेच्या हातांनी स्वयंपाकघरातून आली आणि दारातच बसली. "घरात कोणीतरी मोठं माणूस आल्यासारखं वाटतं," म्हणाली. नंतरची तीन वर्षं भावोजी त्या खोलीत सुखात होते. हे मी छातीठोकपणे सांगतो, कारण सुखी माणूस मी जवळून फार पाहिलेला नाही.

२०१८च्या दिवाळीनंतर त्यांचा फोन आला. "विनू, डावा स्पीकर बिघडला. बंद असतानाही घरघरतो."

मी हत्यारं घेऊन गेलो. वायरी तपासल्या, प्लग काढला, स्पीकर आडवा करून मागचे स्क्रू उघडले. आत सगळं ठणठणीत. मी म्हटलं, "भावोजी, कानात काही झालंय का तुमच्या?" ते काही बोलणार तोच ती घरघर आली. स्पीकर उघडा, वायर माझ्या हातात, आणि आवाज येतोय... फरशीखालून. मग मांडणीवरचे पेले वाजले. ताई ओरडली. आम्ही अंगणात आलो तेव्हा अख्खा पाडा घराबाहेर होता, कोंबड्यासुद्धा. भावोजी म्हणाले, "म्हणजे स्पीकर चांगला आहे." आणि हसले. त्यानंतर त्यांना तसं हसताना मी पाहिलं नाही.

पुढे काय झालं ते इकडच्या सगळ्यांना ठाऊक आहे. धक्के थांबेनात. थंडीत लोक तंबूत झोपू लागले, ताईसुद्धा. भावोजींचं मात्र वेगळंच झालं. इतकी वर्षं खर्ज ऐकलेला तो कान, त्याला जमिनीतली गुरगुर आपल्या आधी ऐकू यायची. फार आधी नाही, श्वासभर. ते नुसता हात वर करायचे आणि मग जमीन हलायची. शेजारच्या सोनीबाईने हे सगळ्यात आधी हेरलं. ती मला म्हणाली, "गुरजी हात करतो नं, का आमी पोरां उचलतो." हळूहळू सगळा पाडाच त्यांच्याकडे बघून वागू लागला. ते खुर्ची टाकून अंगणात बसले, की बाया निर्धास्त घरात शिरून भाकऱ्या थापायच्या.

आणि गाणं? ते लावायचे, लावत नव्हते असं नाही. पण खर्जाची तार सुरू झाली की ताडकन उठून बाहेर यायचे. शरीरच ऐकत नव्हतं. मी स्पीकरखाली रबराचे तुकडे घातले. बेस पार कमी केला, तर म्हणाले, "हा तंबोरा नाही, डास आहे." स्पीकर अंगणात आणून लावले, तर आवाज माळावर विरून गेला. शेवटी दुकानातला चांगल्यातला हेडफोन नेला. त्यांनी तो कानावर चढवला, डोळे मिटले, चेहरा जरा सैल पडला... आणि झटक्यात काढून माझ्या हातात दिला. "हे घातल्यावर ते कसं ऐकू येणार?"

"भावोजी, आमच्याकडे चला. डहाणूला. महिनाभर तरी."

"आणि इथे कोण ऐकणार?"

ताईने रडून पाहिलं, मी भांडून पाहिलं. पंखा बिघडला तर मी दुरुस्त करतो, आयुष्यभर तेच केलं. हे कुठून उघडायचं तेच मला कळत नव्हतं. एकदा निघताना ते मोटारीपर्यंत सोडायला आले आणि काचेवर हात ठेवून म्हणाले, "माझं गाणं गेलं रे, विनू." मी "जाईल हे सगळं, भावोजी" असलं काहीतरी पुटपुटलो आणि गाडी सुरू केली. तीच आमची शेवटची भेट.

तेराव्यानंतर पाहुणे पांगले. त्या दिवशी ताई म्हणाली, "लाव ना ते. कितीतरी दिवसांत त्यांनी मनापासून ऐकलं नव्हतं." मी सीडी घातली, बेस पुन्हा त्यांना आवडायचा तेवढा केला. तंबोरा सुरू झाला आणि ताईने पदर तोंडाला लावला. मीही रडलो. माझ्या बहिणीच्या घरात मी पहिल्यांदाच रडलो असेन.

तेवढ्यात सोनीबाई नातवाला काखोटीला मारून दारात आली. तिच्यामागे आणखी दोघीतिघी, त्यांची मुलं. धावत आल्या होत्या.

"भाऊ, हा पेटीचा आवाज हाय का भुईचा?" तिने स्पीकरकडे बोट दाखवून विचारलं.

मी ताईकडे पाहिलं. ताईने माझ्याकडे. मी घाईघाईने बटण बंद केलं. आम्ही सगळे अंगणात येऊन उभे राहिलो. ती सगळी माणसं माझ्या तोंडाकडे बघत होती आणि मी कान देऊन उभा होतो... मला काहीच ऐकू येत नव्हतं.