आबांची कॉइल

माझ्या पीएचडीचा प्रश्न सांगायला सोपा होता. इलेक्ट्रॉनला स्वतःची एक दिशा असते, तिला स्पिन म्हणतात. कार्बनच्या रेणूंचा केसाहून कितीतरी पातळ थर घ्यायचा, दोन्ही अंगांना लोहचुंबकी धातू लावायचा आणि थर ओलांडताना इलेक्ट्रॉन आपली दिशा सांभाळतो का, ते मोजायचं. सांभाळली तर चुंबक फिरवताच विजेला होणारा विरोध बदलतो. जळगावच्या प्रयोगशाळेत चार वर्षं घासल्यावर तो बदल एकदाचा दिसला, तेव्हा माझ्या मार्गदर्शक सरांनी पेढे मागवले. मीही हावऱ्यासारखे खाल्ले.

एक पडताळणी मात्र राहिली होती. स्पिनच्या दिशेला काटकोनात हलकं चुंबकीय क्षेत्र दिलं, की खरे स्पिन वाटेतच गरगरतात आणि तो बदल मावळतो. मावळला नाही, तर वीज थरातून गेलीच नाही असं समजायचं. धातूच थरातल्या भोकांतून आरपार झिरपलेला असतो. त्यासाठी एक कॉइल हवी होती आणि खरेदीचा कागद कार्यालयात अडकून पडला होता. मी दोंडाईचाला घरी गेलो.

आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, जन्मभर विहिरींवरच्या मोटारी रिवाइंड केल्या. हात कापायला लागले तसं दुकान बंद झालं. माझं काम ऐकून त्यांनी तार गुंडाळायच्या मशीनवरचं पोतं काढलं. पाचव्या दिवशी वेढ्यांची मोजणी चुकली, तर सगळी तार उलगडून पुन्हा पहिल्यापासून. मी धरायला गेलो तर माझा हात झटकला. शेवटी वेढ्याला वेढा असा बसला, की बाजारच्या मालाने लाजावं.

कॉइल पहिल्याच दिवशी चालली. बदल मावळला नाही. क्षेत्र वाढवलं, सॅम्पल बदललं, आलेखातली रेघ जिथल्या तिथे. चार वर्षं मी भोकं मोजत होतो.

सरांनी आलेख पाहून पालथा ठेवला. हे मोजायला कोणी सांगितलं होतं, असं शांतपणे विचारलं. मग म्हणाले, घरी गुंडाळलेल्या कॉइलवर कोण विश्वास ठेवणार, तेवढं वगळ. मला संताप आला. वगळलंही मीच. नोकरीला वयाची अट असते, अशी स्वतःची समजूत घातली.

प्रबंध बांधून आल्यावर घरी नेला. आबांना इंग्रजी येत नाही. ते पानं उलटत नुसती चित्रं बघत राहिले.

“मन्ही कॉइल कोनता पानवर शे?”

मी एका फोटोवर बोट ठेवलं. तो प्रयोगशाळेतला विकतचा मोठा चुंबक होता. वाटलं, खपून जाईल. आयुष्यभर तारेचे वेढे पाहिलेल्या माणसाशी मी ही चलाखी करत होतो. त्यांनी फोटो डोळ्यांजवळ नेला.

“ही मन्ही नही,” ते म्हणाले. मग हळूच विचारलं, “जळी गई का ती?”

आबा, त्या सगळ्या पसाऱ्यात तुमची कॉइल तेवढी खरं बोलली, एवढंच सांगायचं होतं. मी हो म्हटलं.

त्यांनी प्रबंध मिटून माझ्या हातात दिला.

“हात मन्हाच कापेत, भाऊ. तुन्हं काम बिघडायनं.”

पुढच्या आठवड्यात त्यांनी मशीन भंगारात दिलं. कॉइल माझ्या टेबलाखाली आहे. अजून चालते.