दोनशे बारा कंपन्या आणि मावशी

माझ्या मावशीला ऑफिसात सगळे आकडेबाई म्हणतात. गुंतवणुकीचा सल्ला देणारं तीन खोल्यांचं ते ऑफिस. एकोणीस वर्षं मावशी रोज सकाळी तिथं वेबसाइट उघडून दोनशे बारा कंपन्यांचे पी-ई उतरवत आली. पी-ई म्हणजे शेअरची किंमत त्याच्या वर्षाच्या नफ्याच्या किती पट, तो आकडा. एकीनं मोठ्यानं वाचायचं, मावशीनं टाइप करायचं. वाचणारी निवृत्त झाली, मावशीचं मनगट दुखायला लागलं, आणि एक दिवस साहेब म्हणाले, "आकडेबाई, तयार यादी विकत मिळते हल्ली. पुढच्या महिन्यापासून तीच घेऊ म्हणतो."

"आणि मी?"

साहेबांनी चष्मा पुसायला घेतला.

"सोमवारपर्यंत थांबा," मावशी म्हणाली. "आकडे आपोआप उचलून आणणारा प्रोग्रॅम मी लिहिते. दोन्ही याद्या शेजारी ठेवा, मग ठरवा."

चौपन्नाव्या वर्षी बाई स्क्रॅपिंग, म्हणजे वेबसाइटवरची माहिती प्रोग्रॅमनं उचलणं, शिकली! आधी वेबसाइटचे नियम वाचले, परवानगी आहे याची खात्री केली, मग प्रत्येक पानानंतर प्रोग्रॅमला पाच सेकंद थांबायला लावलं. "लोकांच्या दारात उभं राहून बेल दाबतच राहायचं का?"

रविवारी दुपारी वीस मिनिटांत यादी तयार. मावशी डोळे मिटून खुर्चीत बसली. आकडे तिला कानानं ओळखू येतात.

"अहो, वाचा."

काका शाळेची बस चालवतात. आवाज मागच्या बाकापर्यंत पोचणारा. "रंगवाली, अठ्ठावन्न!"

"नखरेलच आहे ती. पुढे."

"सिमेंटवाली, एकतीस."

"बरोबर."

"जहाजवाली, बावीस."

मावशीनं डोळे उघडले. "परत वाचा."

"बावीस. दोनावर दोन. चष्मा लावलाय मी."

"अहो, ती दोन वर्षं तोट्यात आहे. नफाच नाही, तर किंमत कशाच्या किती पट? बावीस तिच्या खालच्या टायरवालीचे."

"मग टायरवालीला काय दिलंय?"

"साबणवालीचे!"

"म्हणजे एक रुसून उठली आणि बाकीच्या एकेक खुर्ची पुढे सरकल्या?"

"रुसली कुठं, मीच उठवली तिला!" मावशीनं कपाळावर हात मारला. वेबसाइटवर तोट्यातल्या कंपनीपुढे नुसती आडवी रेघ असते. प्रोग्रॅम नावं वेगळी गोळा करत होता आणि आकडे वेगळे. त्यात कचरा समजून रेघा गाळायला तिनंच सांगितलं होतं.

आता नाव आणि आकडा जोडीनं उचलायचे, आणि रेघ असेल तिथं जागा रिकामी ठेवायची, असं तिनं प्रोग्रॅममध्ये बदललं. काकांनी पुन्हा पहिल्यापासून वाचलं. दोनशे बाराव्या कंपनीला त्यांचा घसा बसला.

सोमवारी साहेबांनी दोन्ही याद्या स्वस्त ते महाग अशा लावल्या. विकतच्या यादीच्या नमुन्यात सगळ्यात वर जहाजवाली. पी-ई शून्य.

"अरे वा! ही तर फुकटात पडलीय. तुमच्या यादीत कुठं आहे?"

"तळाशी. रिकामी."

"का बुवा?"

"तोट्यात आहे, साहेब. तिचा पी-ई निघतच नाही. शून्य लिहिलं की उगाच स्वस्त वाटते. काल माझाही इथंच पाय घसरला होता. मी तिला शेजारणीचा आकडा दिला होता."

साहेबांनी विकतची यादी बंद केली. "मी आज हे गिऱ्हाइकाला सांगितलं असतं."

"आणि नंतरचे फोन मला घ्यावे लागले असते."

साहेब हसले. "ठीक आहे, यादी तुमचीच. पण ती होणार वीस मिनिटांत. उरलेला दिवस काय करणार?"

"तुम्ही सांगा."

"या जहाजवालीला एवढा तोटा येतो कुठून, ते शोधून लिहा. दोन पानं."

"चार लागतील," मावशी म्हणाली, आणि खुर्ची ओढून बसली.